धर्माच्या गाईचे दात मोजावेत

खासगी शाळेकडून शिष्यवृत्तीचे पत्र घरी आले की आपल्याकडे त्यावर फारशी चर्चा होत नाही. पेढे येतात, आजी मुलाची दृष्ट काढते, आणि पत्रासोबतच्या हमीपत्रावर वडील फुली केलेल्या जागी सही करतात. 'अटी एकदा वाचून घ्या' असे कोणी सुचवलेच, तर वडीलधारी माणसे त्याला गप्प करतात. फुकट मिळते आहे, त्यात खोट कसली काढायची? 'धर्माची गाय अन् दात का गं नाय' ही म्हण अशा वेळी हमखास ऐकू येते. हे मत केवळ कमी शिकलेल्या घरांतले नाही. शिक्षक, संस्थांचे विश्वस्त, गुणगौरव समारंभांचे पाहुणे, सगळे तेच सांगतात: मिळाले ते पदरात पाडून घ्यावे, अटींचा काथ्याकूट करणे हा कृतघ्नपणा. मला हे मत चुकीचे वाटते. त्याचा भुर्दंड मुलांना बसतो, म्हणून ते खोडून काढणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ राहत नाही, म्हणून तो आधी पुरता ऐकू. शाळेवर शिष्यवृत्ती देण्याची कोणी सक्ती केलेली नव्हती. पैसा तिचा, तेव्हा अट घालण्याचा अधिकारही तिचाच. गरजू घराला निवड करण्याची चैन परवडत नाही. आज 'नाही' म्हटले तर उद्या दार उघडे राहीलच असे नाही. गुणांची अट असली की मूल अभ्यासाला जुंपून घेते, म्हणजे अट मुलाच्याच भल्याची. आणि या सगळ्यावर कळस म्हणून एक दाखला दिला जातो, ज्यापुढे बोलणाऱ्याची जीभ अडखळते: बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदे दरबाराच्या करारावर सही केली नव्हती का? ते अटी पाहत बसले असते तर कोलंबिया विद्यापीठात पोचले असते का?

हा शेवटचा दाखला सर्वांत वजनदार आहे, म्हणून आधी त्याच्याकडेच वळतो.

४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदे सरकारशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या मोबदल्यात दिलेल्या विषयांचा अभ्यास आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. त्या वेळी त्यांचे वय २२ होते. पदवी हातात होती, बडोद्याच्या नोकरीत ते काही दिवस राहून आलेले होते आणि सही त्यांनी स्वतः केली होती. सयाजीराव महाराज काय देणार, किती काळ देणार आणि बदल्यात काय घेणार, हे तिन्ही आकड्यांत लिहिलेले होते. अटीत मागितले होते ते श्रम, तेही पगारी. अशा अटीवर सही करण्यात कमीपणा कसलाच नव्हता, आणि ती सही नसती तर पुढचे काय काय घडले नसते, याची कल्पनाही करवत नाही.

पण हा दाखला देणारे गोष्ट १९१३ मध्येच थांबवतात. ती १९१७ पर्यंत न्यायला हवी. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेब परतले आणि करार पाळण्यासाठी बडोद्याला रुजू झाले. महाराजांच्या दरबारात नोकरी होती, पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेले. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांकडेही आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत काही तास काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला निघाले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे स्वतः नोंदवले आहे, आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो.

यातून सयाजीरावांचा मोठेपणा उणा होत नाही. महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. मुद्दा कराराचा आहे. त्या करारात घेणाऱ्याने काय करायचे हे वर्षांच्या हिशेबासह लिहिले होते. त्याने सेवा द्यायची तर त्या गावात त्याला माणसासारखे राहता येईल, ही जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती. एवढा उदार दाता, एवढा तळमळीचा विद्यार्थी, आणि तरी करार मोडला तो न लिहिलेल्या कलमापाशी. ज्यांना बाबासाहेबांचे उदाहरण द्यायचे आहे त्यांनी हे पूर्ण उदाहरण द्यावे. ते अटी न वाचता सही करण्याच्या बाजूने उभे राहतच नाही. हमीपत्रात शाळेने स्वतःला कशाने बांधून घेतले आहे हे आधी शोधा, असेच ते सांगते.

आता निवडीचा मुद्दा. गरजूला नाही म्हणण्याची सोय नसते, असे ठासून सांगणाऱ्यांनी आनंदीबाई जोशी आठवाव्यात. गोपाळराव कोल्हापुरात टपाल खात्यात असताना त्यांनी पत्नीच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांमार्फत मदत मागितली. ते पत्र रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे गेले. या वाइल्डरांनीच कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम सुरू केले होते आणि आता ते अमेरिकेत 'मिशनरी रिव्ह्यू' चालवत होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, मग मदतीचे पाहू, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. जोशी दांपत्याने ते मानले नाही. वाइल्डरांनी पत्रव्यवहार मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला आणि त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी बोलावले, धर्माची कसलीही अट न घालता. १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या, त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणून परतणार असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या.

नकार देणाऱ्या प्रत्येकाला कार्पेंटरबाई भेटत नाहीत, हे मला कळते. नकाराची पत्रे लिहून पुढे काहीच न मिळालेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. म्हणून या उदाहरणावरून 'नाकारा' असा उपदेश मी करणार नाही. त्यात दिसते ते वेगळे आहे. मिशनऱ्यांकडे मदत मागायला जोशी दांपत्य कचरले नाही. परक्या देशातल्या परक्या घरी राहायला, सातासमुद्रापार गेल्याबद्दल बहिष्कार सोसायला आनंदीबाईंची तयारी होती. म्हणजे मदतीसोबत येणारे कष्ट आणि बंधने त्यांनी घेतली, एक अट तेवढी घेतली नाही. आपण कोण आहोत हेच बदलून द्या, असे ती अट म्हणत होती. बाबासाहेबांच्या करारातली अट दहा वर्षांची चाकरी मागत होती. दोघांनीही अट तपासली, आणि अट कशावर हात टाकते ते पाहून एकाने सही केली, दुसरीने केली नाही. गरज दोघांचीही सारखीच निकडीची होती.

गुणांच्या अटीचे समर्थन सर्वांत जास्त होते आणि वरवर पाहता ते निरुपद्रवी वाटते. दरवर्षी नव्वद टक्के मिळवा, सवलत चालू राहील. यात वाईट काय? वाईट काय ते अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांच्या उदाहरणावरून कळते. तिथे पहिल्या वर्षी भरघोस शिष्यवृत्ती देऊन हुशार मुले ओढून घ्यायची आणि अमुक सरासरी राखली तरच ती पुढे चालेल अशी अट घालायची, हा रिवाज पसरला होता. अट ऐकायला सोपी वाटे, कारण आधीच्या पदवी शिक्षणात ही मुले सहज त्यापेक्षा वर असत. पण तिथे श्रेणी देण्याचे प्रमाण आधीच ठरलेले असते: वर्गातल्या ठरावीक टक्के मुलांनाच वरची श्रेणी मिळणार. वर्गात शिष्यवृत्तीधारकच इतके, की सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी काहींची शिष्यवृत्ती जाणे गणितानेच ठरलेले. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याला वाचा फोडली. त्यानंतर अमेरिकन बार असोसिएशनने नियम केला की किती विद्यार्थ्यांना सशर्त शिष्यवृत्ती दिली आणि त्यांतल्या किती जणांची कमी किंवा बंद झाली, हे प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर करावे.

हा एकच प्रश्न आपल्याकडच्या पालकांनी विचारायला सुरुवात केली तरी पुष्कळ काम होईल. 'गेल्या तीन वर्षांत ही शिष्यवृत्ती किती मुलांना दिली आणि आज किती जणांची चालू आहे?' ज्या शाळेची दानत स्वच्छ आहे तिला उत्तर द्यायला दोन मिनिटे लागतात. अट 'पहिल्या पाचांत' अशी क्रमांकाची असेल तर अधिक सावध राहावे, कारण तिथे आपल्या मुलाचे भवितव्य त्याच्या अभ्यासाइतकेच शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या अभ्यासावर ठरते. एखाद्या वर्षी डेंग्यू झाला, घरात कोणी गेले, तर काय, याबद्दल बहुतेक हमीपत्रांत चकार शब्द नसतो. शिस्त लागावी म्हणूनच अट असेल तर घसरलेल्या मुलाला सावरायला एक वर्ष देण्यात शाळेचे काय जाते?

आणि शाळेचे जाते तरी किती, हाही विचार करावा. तुकडीत चाळीस जागा असतील आणि पस्तीसच भरल्या असतील, तर छत्तिसावे मूल फी न देता बसवण्यासाठी शाळेला नवा शिक्षक नेमावा लागत नाही, नवा फळा घ्यावा लागत नाही. तेच मूल दहावीला पंच्याण्णव टक्क्यांवर गेले की त्याचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागतो आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश त्या फ्लेक्सवर होतात. यात पाप काही नाही, पण याला दान म्हणू नये. शाळा काही देते आणि काही घेते. ज्या व्यवहारात दोन्हीकडून देणे-घेणे आहे तिथे अटी वाचणाऱ्याला कृतघ्न ठरवण्याचा अधिकार कोणाला कसा पोचतो?

माझ्याकडे अशी पत्रे घेऊन पालक येतात. त्यांतले एक इथे सविस्तर सांगतो, कारण अटी एकमेकींत कशा गुंततात ते त्यावरून दिसेल. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी झालेली, आई एका पतसंस्थेची पिग्मी एजंट, वडील टेम्पोवर. तालुक्याच्या ठिकाणच्या एका विनाअनुदानित शाळेने आठवी ते दहावी पूर्ण फी माफ केली होती. पहिल्या पानावर रंगीत बोधचिन्ह आणि अभिनंदन, तिसऱ्या पानावर बारीक टायपात अटी. पाचवी अट: दरवर्षी किमान नव्वद टक्के गुण, अन्यथा सवलत बंद. सातवी अट: दहावीपूर्वी शाळा सोडल्यास तोवर दिलेल्या सवलतीची पूर्ण रक्कम पालकांनी भरावी. आठवी अट: विद्यार्थिनीचे नाव व छायाचित्र प्रसिद्धीसाठी वापरण्यास संमती. शेवटची, नेहमीची: याबाबत व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील.

मी एकेक अट मोठ्याने वाचली. सातवी ऐकून त्या बाई म्हणाल्या, "सर, पाचवी परत वाचा." वाचली. मग त्यांनी हिशेब मांडला. नववीत शहाऐंशी टक्के पडले तर सवलत बंद. दहावीची पूर्ण फी आपल्याला झेपणार नाही, म्हणजे पोरीला काढावे लागणार. काढले की सातवी अट लागू, म्हणजे आठवी-नववीची फी आपल्या डोक्यावर. "पिग्मी मुदतीआधी मोडली तर आम्ही व्याज कापतो, सर. इथं मुद्दलच मागतायत, आणि मोडणार पण तेच."

दोन अटी सुट्या सुट्या वाचल्या तर कोणालाही वाजवी वाटतील. एकत्र वाचल्यावर त्या घराला कर्जात ढकलणाऱ्या होत्या. पदवीधर मंडळींनी 'छान संधी आहे' म्हणून परत केलेल्या त्या कागदातला फास रोज दारोदार वीस-पन्नास रुपये गोळा करणाऱ्या बाईंना पाच मिनिटांत दिसला.

कायदा अशा ठिकाणी काय म्हणतो हेही पालकांना ठाऊक असावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान मुलाला करार करता येत नाही; १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात असा करार मुळातच शून्य ठरवला. म्हणून शाळा मुलीची सही घेत नाहीत, बापाची घेतात, आणि वसुलीचा बोजा बापावर येतो. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी करारात कितीही मोठी रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते; लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. दाखला अडवून ठेवण्याची धमकी तर आठवीपर्यंत चालतच नाही: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी तातडीने द्यायचा असतो. छायाचित्राबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासेसना बजावले आहे की यशस्वी विद्यार्थ्याचे नाव-फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरू नयेत, आणि ती संमती निकाल लागल्यानंतरच घ्यावी. हे मार्गदर्शन शाळांसाठी नाही, क्लासेससाठी आहे. पण त्यामागचा विचार शाळेच्या हमीपत्रालाही तितकाच लागू पडतो. बारा वर्षांच्या मुलीच्या पंधराव्या वर्षीच्या चेहऱ्यावर आज हक्क लिहून घेणे हे सभ्यपणाला धरून नाही.

अर्थात कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून निर्धास्त सही करावी, असेही नाही. पिग्मी गोळा करणारी आई आणि टेम्पो चालवणारा बाप न्यायालयात जाणार नाहीत, हे हमीपत्र लिहिणाऱ्यालाही माहीत असते. वकिलाच्या नोटिशीचे एक पाकीट घराची झोप उडवायला पुरते.

अटीची मदत म्हणजे लाचारी, स्वाभिमानी माणसाने तिला शिवूच नये, असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी फार शाई खर्च करावीशी वाटत नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. पैसे परत करण्याची अट त्यात पहिल्यापासून आहे. के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर त्याच निधीच्या आधाराने शिकले. परतफेड केली की हिशेब मिटतो आणि तो पैसा पुढच्या विद्यार्थ्याकडे जातो. रयतच्या वसतिगृहांत भाऊराव पाटलांनी मुलांना श्रमाची अट घातली आणि त्या अटीने कोणाची मान खाली गेली नाही. अट उघड असावी, तिला शेवट असावा आणि ती पाळणे मुलाच्या हातात असावे. मग ती घेण्यात लाज कसली?

पत्रात न लिहिलेली एक अट राहिली. ती सरकारी नियमांत दडलेली आहे, म्हणून बहुतेकांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात, तिची परीक्षा आठवीत होते आणि नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असले तरच. खासगी विनाअनुदानित शाळेत गेले की तो मार्ग बंद. म्हणजे खासगी शाळेची फी माफी स्वीकारताना चार वर्षांचे ४८,००० रुपये मिळवण्याची संधी सोडावी लागते, आणि वर बस, गणवेश, वह्या, सहली यांचा खर्च येतो, जो फी माफीत धरलेला नसतो. उलट बाजूही आहे: चांगली प्रयोगशाळा, नीट इंग्रजी, पुढच्या वाटा दाखवणारे शिक्षक यांचे मोल रुपयांत होत नाही. म्हणून दोन्ही बाजू कागदावर मांडूनच ठरवले पाहिजे.

पूर्वपक्षाचा एक आक्षेप उरतो: अटी बदला म्हटले की शाळा शिष्यवृत्तीच दुसऱ्याला देईल. काही शाळा देतीलही. पिग्मी गोळा करणाऱ्या त्या बाईंनी ही शक्यता धरूनच पाऊल उचलले. गावातले अनुदानित हायस्कूल, आठवीत एनएमएमएसची तयारी, हे सगळे त्यांनी मुलीशी बोलून ठरवून ठेवले आणि मग त्या खासगी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटल्या. माझी चिठ्ठी त्यांनी मागितली नाही, मीही दिली नाही. शाळेने स्वतः सवलत बंद केली तर सातवी अट लागू होणार नाही, असे त्यांनी लेखी मिळवले. गुण घसरले तर एक वर्ष संधी, हेही मिळवले. आठवी अट मुख्याध्यापक सोडेनात. मी तिथे अडून बसलो असतो. त्यांनी मुलीला विचारले, मुलीला फोटोचे काही वाटत नव्हते, आणि त्यांनी सही केली. जूनपासून ती तिथे आठवीत जाते आहे.